महाराणी रोडवरचे एलईडी ड्रायव्हर: कुठला घ्यावा, कुठला काउंटरवरच सोडावा

इंदूरला महाराणी रोडवर, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, एलईडीचा ड्रायव्हर (घरच्या २३० व्होल्टचं दिव्याला लागणाऱ्या विजेत रूपांतर करणारी डबी) मागितला की समोरून पहिला प्रश्न येतो, "कितने वॉट का?" गडबड तिथेच सुरू होते. वॅट ही लेबलावरची सगळ्यात शेवटी वाचायची ओळ आहे. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: ड्रायव्हर ठरलेला व्होल्टेज देतो की ठरलेला करंट, तो आकडा किती, आणि करंटवाला असेल तर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो. या तिन्ही जुळल्या की वॅट आपोआप जुळतात. उलट्या बाजूने सुरुवात केली तर १२ वॅटच्या पॅनेलला १२ वॅटचाच ड्रायव्हर लावूनही पॅनेल लुकलुकत राहतं आणि दोष पॅनेलला दिला जातो.

परीक्षणासाठी चार वस्तू घेतल्या आहेत. मीन वेल कंपनीचे तीन: जाळीच्या पत्र्याचा एलआरएस-१००-१२, प्लास्टिकच्या बंद डबीतला एलपीव्ही-६०-१२ आणि करंटवाला एलपीसी-३५-७००. चौथा म्हणजे कुठल्याही दुकानात पेटीभर पडलेला बिनमार्क्याचा पॅनेल ड्रायव्हर, ज्यावर "८-१२ गुणिले १ वॅट, ३०० मिलिअँपिअर" असं काहीतरी छापलेलं असतं. घरातली बहुतेक कामं यांच्यात आणि यांच्या भावंडांत बसतात.

आधी कुठल्या दिव्याला काय लागतं ते. पट्टीला, म्हणजे पाच मीटरच्या रिळातून कापून लावतात त्या स्ट्रिपला, ठरलेला व्होल्टेज लागतो: १२ किंवा २४. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत आणि प्रत्येक ओळीला स्वतःचा रेझिस्टर असतो. करंट आवरण्याचं काम तो रेझिस्टर करतो. म्हणूनच पट्टी कात्रीच्या खुणेवरच कापायची. मीटरला ६० एलईडी असतील तर दर ५ सेंटिमीटरला ती खूण येते. सीलिंगमधल्या गोल-चौकोनी पॅनेलमध्ये, डाउनलाइटमध्ये आणि सीओबीमध्ये (एकाच पत्र्यावर दाटीने बसवलेल्या एलईडींचा दिवा) असा रेझिस्टर नसतो. तिथे करंट आवरायचं काम ड्रायव्हरचंच. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्टवर चालतो, पण तापला की त्याला तेवढ्याच करंटसाठी कमी व्होल्ट पुरतात. अशा दिव्याला पक्का व्होल्टेज दिला तर तो तापतो, जास्त करंट ओढतो, आणखी तापतो, आणि काही दिवसांत काळा ठिपका पडून बसतो. ३६ व्होल्टच्या पॅनेलला ३६ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे ठरलेला व्होल्टेज देणारा ड्रायव्हर, जोडण्याचा उद्योग म्हणूनच करू नये, आकडा कितीही जुळत असला तरी.

आता पट्टीचे ड्रायव्हर.

एलपीव्ही-६०-१२ हा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा. डबी पूर्ण भरलेली, आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी, त्यामुळे बाल्कनीतल्या पट्टीला आणि गच्चीवरच्या कठड्याला हाच चांगला. आत येणाऱ्या तारा तपकिरी आणि निळ्या: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. बाहेर जाणाऱ्या लाल आणि काळ्या: लाल अधिक, काळी उणे. अर्थची तार नसते, कारण बांधणीच दुहेरी इन्सुलेशनची आहे. ती शोधत बसू नये. ड्रायव्हर ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावा, म्हणजे ४ अँपिअर, ४८ वॅट. मीटरला ९.६ वॅटवाली पट्टी, म्हणजे मीटरला १२० छोटे एलईडी, पाच मीटर घेतली तर बरोबर ४८ वॅट होतात. हॉलच्या एका भिंतीच्या कोव्हला, म्हणजे छताच्या कडेच्या लपलेल्या खाचेला, हा मेळ नेमका बसतो. मात्र मोठ्या एलईडीची १४.४ वॅट मीटरवाली पट्टी पाच मीटर याच्यावर टाकली तर ७२ वॅट होतात. मग ड्रायव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो. पट्टी दर सेकंदाला डोळे मिचकावते आहे असं दिसलं तर ड्रायव्हर खराब झालेला नाही, त्याच्यावर ओझं जास्त आहे.

त्या ७२ वॅटला एलआरएस-१००-१२ घ्यावा. हा ८.५ अँपिअर देतो, पट्टी ६ ओढते, म्हणजे सत्तर टक्क्यांवर निवांत चालतो. पण ही जाळीची पेटी आहे. पाणी, पाल, झुरळ, पीओपीची भुकटी, सगळ्यांना दारं उघडी. शिवाय टर्मिनलच्या पट्टीवर एका टोकाला २३० व्होल्ट असतात आणि त्यावर फक्त प्लास्टिकची पापणी. म्हणून हा टीव्ही युनिटच्या मागे किंवा हवा येणाऱ्या डब्यात ठेवावा, लहान मुलाचा हात पोचेल अशा ठिकाणी उघडा नको. टर्मिनलवर एल, एन, अर्थ, मग उणे आणि अधिक असं लिहिलेलं असतं. ते वाचूनच तारा घालाव्यात, दुसऱ्या कुठल्या एसएमपीएसच्या आठवणीवर नव्हे. १२ व्होल्टच्या बाजूला २३० गेले तर पट्टी आणि एसएमपीएस दोन्ही एकदमच जातात.

अर्थची तार याला जोडायचीच. "बॉडीला हात लावला तर झिणझिण्या येतात, माल खराब दिसतोय" ही तक्रार या जातीच्या एसएमपीएसबद्दल सर्रास ऐकू येते, आणि बहुतेक वेळा माल ठीक असतो. आतल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज-न्यूट्रलमधून बॉडीकडे किंचित करंट सोडतात. अर्थ असेल तर तो तिकडे निघून जातो, नसेल तर तुमच्या बोटातून जातो. टेस्टरही पेटतो. जुन्या इंदुरात, रामबागेकडच्या किंवा राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेचं असायची शक्यता आहे, म्हणून आधी अर्थ आहे का ते तपासावं. फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटरवर २३०च्या आसपास यायला हवेत. आले नाहीत तर तिथे आधी अर्थिंगचं काम, मग रोषणाई.

एलआरएसच्या टोकाला एक बारीक स्क्रू असतो. त्याने आउटपुट १०.२ पासून १३.८ व्होल्टपर्यंत फिरवता येतो. लांबची पट्टी मंद वाटली की कारागीर तो स्क्रू पिळतात. करू नये. तीन एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट घेतात, उरलेले ३ रेझिस्टरवर पडतात. आउटपुट १३.८ केला तर रेझिस्टरवर साडेचारच्या आसपास पडतात, म्हणजे करंट दीडपट. ड्रायव्हरजवळचे एलईडी उजळतात खरे, पण सहा महिन्यांत तेच आधी पिवळट पडतात.

मंदपणाचं खरं कारण जवळजवळ नेहमी तारेत असतं. १२ व्होल्टच्या बाजूला करंट फार आणि व्होल्ट थोडे, त्यामुळे तारेत थोडंसं हरवलं तरी मोठा वाटा जातो. हिशोब करून बघा. ड्रायव्हरपासून पट्टी ५ मीटरवर, म्हणजे जायची-यायची मिळून १० मीटर तार. ०.७५ चौरस मिमीच्या लवचीक तारेचा अडथळा मीटरला साधारण ०.०२६ ओहम. ६ अँपिअरने गुणलं तर दीड व्होल्ट गेले. पट्टी मंद झाली की करंटही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात एक व्होल्टाच्या थोडं वर हरवतो. तरी उजेड पाव हिश्श्याने कमी होतो आणि ते डोळ्याला दिसतं. तीच तार २.५ चौरस मिमीची घेतली तर नुकसान अर्ध्या व्होल्टाच्या आत राहतं. त्याहून बरा उपाय म्हणजे पट्टीच २४ व्होल्टची घेणं. तेवढ्याच वॅटला ३ अँपिअर लागतात, बारीक तारेतही पाऊण व्होल्ट जातो, आणि २४ मध्ये पाऊण व्होल्ट कुणाला कळतही नाही. नव्या फ्लॅटमध्ये सीलिंगचं काम चालू असेल आणि ड्रायव्हर दूर ठेवायचा असेल तर १२ व्होल्टचा विचारच करू नये. दुकानदार १२ पुढे करतो, कारण त्याच्याकडे तोच पडून असतो.

पाच मीटरच्या पुढची पट्टी सलग जोडत नेऊ नये. पट्टीतलं तांबं पातळ असतं, सहाव्या-सातव्या मीटरला पांढरा रंग मळकट दिसू लागतो. दुसऱ्या रिळाला ड्रायव्हरपासून वेगळी जोडतार आणावी, किंवा एकाच रिळाला दोन्ही टोकांनी वीज द्यावी. दोन एसएमपीएसचे अधिक-अधिक एकत्र बांधून "दहा अँपिअर" करायला जाऊ नये. ज्याचा व्होल्टेज केसभर जास्त, तो सगळं ओझं उचलतो आणि आधी जातो. दोन एसएमपीएस असतील तर दोन वेगळे तुकडे चालवावेत.

बिनमार्क्याचे जाळीवाले एसएमपीएसही मिळतात, बाहेरून अगदी तसेच. उचलून बघा: ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर लहान असले की वजन कमी लागतं. घ्यायचाच असेल तर लेबलावरच्या अँपिअरच्या निम्म्यावर चालवायचा असं धरून घ्यावा. गणपतीच्या दहा दिवसांच्या मखराला तो पुरे. मखरात दोन मीटर पट्टी, मीटरला ४.८ वॅट, म्हणजे जेमतेम १० वॅट. त्याला १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर अजून बरा, कारण उघडं टर्मिनल नाही आणि कापड-थर्माकोलजवळ २३० व्होल्ट येतच नाहीत. ज्या शहरात मिल बंद पडून वर्षं झाली तरी अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या, म्हणजे देखावे, रात्रभर दिव्यांनी लखलखत निघतात, त्या शहरात मखराची पट्टी आरतीच्या मध्यात विझणं जरा लाजिरवाणंच.

आता पॅनेल ड्रायव्हर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

"८-१२ गुणिले १ वॅट" या खुणेचा अर्थ: एका ओळीत ८ ते १२ एलईडी असलेल्या दिव्याला हा चालतो. एलईडीमागे ३ व्होल्ट धरले तर आउटपुटचा पल्ला २४ ते ३६, लेबलावर थोडा सैल करून २४ ते ४२ लिहितात. करंट ३०० मिलिअँपिअर. जळलेल्या ड्रायव्हरच्या जागी नवा घेताना जुन्याचं लेबल सोबत न्यावं आणि दोन आकडे जुळवावेत: मिलिअँपिअर तंतोतंत किंवा किंचित कमी, आणि आपल्या पॅनेलचा व्होल्टेज नव्याच्या पल्ल्याच्या आत, शक्यतो मध्यभागी. दुकानात सरळ म्हणावं, "भिया, तीन सौ मिलिअँप वाला, चोबीस से बयालीस वोल्ट." एवढं ऐकलं की समोरचा वॅटवरून पुढे सरकतो.

करंट कमी असला तर दिवा किंचित मंद आणि दीर्घायुषी. ३००च्या जागी २४० लावला तर कुणाला फरकही कळत नाही. जास्त असला तर पॅनेल तापतं. पल्ला चुकला तर मात्र दिवा नीट चालतच नाही. १८-२४ एलईडीचा ड्रायव्हर ३६ व्होल्टच्या पॅनेलला लावला तर त्याला आउटपुट शॉर्ट झाल्यासारखं वाटतं आणि तो लुकलुकतो. उलट ४-७ एलईडीचा लावला तर तो ३६ पर्यंत चढूच शकत नाही; पॅनेल अंधुक राहतं किंवा पेटतच नाही.

लेबल जळून गेलं असेल तर एलईडी मोजायचे, पण इथे एक खोच आहे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या पिवळ्या चौकोनांत ३ व्होल्टचे असतात, ६, ९ आणि १८ व्होल्टचेही असतात. बल्बच्या पत्र्यांवर हे मोठ्या व्होल्टवाले सर्रास बसवतात. नुसती संख्या मोजून तीनने गुणलं तर फसगत होते. करंट बांधता येणारा बेंच सप्लाय असलेल्या दुरुस्तीवाल्याकडून ५० मिलिअँपिअरवर पॅनेल पेटवून व्होल्टेज मोजून घ्यावा. पूर्ण करंटवर तो याहून थोडा वर जाईल.

रंग बदलणारी पॅनेल, म्हणजे बटण दोनदा दाबलं की पांढऱ्याचं पिवळं होतं ती, यांच्या ड्रायव्हरला तीन तारा असतात: एक सामायिक आणि दोन रंगांच्या दोन. साधा दोन तारांचा ड्रायव्हर लावला तर एकच रंग चालेल. भागत असेल तर हरकत नाही, पण दोन्ही रंगांच्या तारा पिळून एकत्र बांधू नयेत. दोन ओळी करंट कसाही वाटून घेतात.

काउंटरवर ड्रायव्हर तपासायची रीत या बाजारात वाईट आहे. ड्रायव्हर आधी सॉकेटमध्ये खुपसतात, मग पॅनेलची जॅक टेकवून "देखो, जल गया" म्हणतात. मोकळ्या आउटपुटवर करंटवाल्या ड्रायव्हरचा कपॅसिटर लेबलाच्या कमाल आकड्याच्याही वर चढून बसलेला असतो. दिवा टेकताच तो सगळा साठा एका क्षणात एलईडीतून जातो. त्या वेळी दिवा पेटतोही, पण एखादा एलईडी दुखावलेला असतो आणि तो महिन्याभराने जातो. क्रम असा असावा: आधी दिवा ड्रायव्हरला जोडायचा, मग वीज द्यायची, काढताना आधी वीज बंद, थोडं थांबून मग जॅक. जॅक सारखी दिसली तरी अधिक-उणे उलटे असू शकतात, म्हणून नव्या ड्रायव्हरचं टोक मल्टिमीटरने एकदा बघून घ्यावं.

एका ड्रायव्हरवर दोन पॅनेल चालवायची असतील तर ती ओळीने, म्हणजे पहिल्याचं उणे दुसऱ्याच्या अधिकला. करंट तोच राहतो, व्होल्टेजची बेरीज होते, आणि ती बेरीज पल्ल्यात बसायला हवी. समांतर जोडू नये. ६०० मिलिअँपिअरवर दोन ३०० ची पॅनेल समांतर लावली आणि एकाची तार सुटली, की उरलेल्यातून पूर्ण ६०० जातात.

इथे एलपीसी-३५-७०० चं कौतुक करावंसं वाटतं. ७०० मिलिअँपिअर आणि पल्ला ९ पासून ४८ व्होल्टपर्यंत. एवढा रुंद पल्ला असल्यामुळे ३६ व्होल्टची ७०० मिलिअँपिअरची सीओबी एक लावा किंवा १२ व्होल्टच्या तीन ओळीने लावा, तक्रार नाही. आउटपुट २३० पासून विलग आहे. बिनमार्क्याच्या स्वस्त ड्रायव्हरांत बरेचसे विलग नसतात: आउटपुटच्या तारा नावाला ३६ व्होल्टच्या, पण जमिनीवर उभं राहून स्पर्श केला तर मेनचा झटका. अॅल्युमिनियमच्या पॅनेलमध्ये इन्सुलेशनचा कागद सरकला की पॅनेलची कडच जिवंत होते. लेबलावर "आयसोलेटेड" लिहिलेलं नसेल तर तो विलग नाही असंच धरावं, आणि वीज चालू असताना त्या बाजूलाही हात लावू नये. एलपीसीचं वैगुण्य एवढंच की घरगुती ३०० मिलिअँपिअरच्या पॅनेलला तो चालत नाही. तिथे दुसऱ्या करंटचा नग शोधावा लागतो.

खरेदीच्या वेळी लेबलावर आयएस १५८८५ आणि आर अक्षरानंतर आठ आकडी क्रमांक आहे का ते बघावं. एलईडी ड्रायव्हरना भारतीय मानक ब्युरोची ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये घालून कारखान्याचं नाव येतं का ते तिथल्या तिथे कळतं. नाव वेगळंच आलं तर ड्रायव्हर परत काउंटरवर.

बसवताना उष्णता विसरू नये. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि छताच्या खालच्या मजल्यावर पीओपीच्या आतली हवा खोलीपेक्षा गरम असते. ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं आयुष्य गमावतो. एलआरएस-१०० पूर्ण ताकद ५० अंशांपर्यंत देतो, त्यापुढे ओझं उतरवावं लागतं. म्हणून ड्रायव्हर दिव्याच्या भोकाशेजारी, पत्र्याला न चिकटवता, वर कापूस-ग्लासवूल न टाकता ठेवावा. तसा ठेवला की बदलायला दिवा खाली ओढून तोही काढता येतो. पीओपीत कायमचा गाडून टाकलेला ड्रायव्हर म्हणजे पुढच्या वेळी छत फोडायची सोय.

जोड काळ्या टेपने गुंडाळू नयेत, उन्हाळ्यात त्याचा डिंक पाघळतो. स्क्रूचा किंवा लिव्हरचा कनेक्टर वापरावा. पट्टीला चिमट्याचे बिनसोल्डरचे जोड येतात. एखाद्या अँपिअरपर्यंत ठीक, ६ अँपिअरला ते तापून काळे पडतात. तिथे सोल्डरच, आणि वरून हीट श्रिंक स्लीव्ह.

बटण फेजवरच असावं. न्यूट्रल तोडणारं असेल तर दिवा बंद करूनही रात्री मंद मंद जळत राहतो, कारण फेज आतपर्यंत पोचलेलीच असते. निऑनच्या छोट्या दिव्यावालं बटणही तोच प्रताप करतं. तो निऑन काढला की थांबतं. आणि पंख्याच्या रेग्युलेटरवर साधा ड्रायव्हर लावून उजेड कमी-जास्त करायला जाऊ नये. पट्टी मंद करायची असेल तर एसएमपीएस आणि पट्टीच्या मध्ये पीडब्ल्यूएम डिमर (वीज वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) घालावा, पॅनेलला डिमिंग चालणारा ड्रायव्हरच लागतो.

थोडक्यात पसंती सांगायची तर कोरड्या जागी मोठ्या पट्टीला एलआरएस, ओल्या जागी एलपीव्ही, सीओबीला एलपीसी. एलआरएसवर कंपनी तीन वर्षांची हमी देते, एलपीव्हीवर दोन. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. बिनमार्क्याचा पॅनेल ड्रायव्हर बेडरूमच्या एका दिव्याला चालेल, पण घेताना एकाच जातीचे दोन घ्यावेत. पहिला गेला की तोच छाप पुन्हा मिळेल याची खात्री नाही, आणि शेजारच्या पॅनेलपेक्षा हा वेगळा पांढरा दिसला तर तेच डोळ्यात खुपत राहतं.